सोमेश्वर राजा बुडाला, पण नेमका कोणत्या वर्षी?

बॅबिलोन कोणत्या दिवशी पडलं ते सांगता येतं. इ.स.पू. ५३९, १२ ऑक्टोबर. त्या दिवशी पर्शियाच्या सायरसची फौज शहरात शिरली आणि नबोनिडस या शेवटच्या राजाचं राज्य संपलं. अडीच हजार वर्षांपूर्वीची, तीनेक हजार किलोमीटर लांबची घटना, आणि आपल्याला महिना आणि तारीखसुद्धा माहीत आहे.

आता पनवेलहून उरणची बस धरा. गव्हाण फाटा, जासई, दोन्ही बाजूंना कंटेनरचे ट्रेलर. उरणच्या जवळ रानवड आणि चाणजे अशी दोन गावं आहेत. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याचा शेवटचा ज्ञात राजा सोमेश्वर, त्याचे दोनच शिलालेख सापडलेत आणि ते या दोन गावांतले. रानवडचा १२५९ चा, चाणजेचा १२६० चा. हे राज्य कधी संपलं? साडेसातशे वर्षांपूर्वीची, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावरची गोष्ट. पण तारीख सोडा, वर्षसुद्धा छातीठोकपणे सांगता येत नाही.

हे मला कळायला एक सिनॉप्सिस परत यावं लागलं. पेट पास होऊन आता विषय मांडायच्या तयारीत असलेल्यांसाठी आजचा लेख आहे, म्हणून आधी माझी चूकच सांगते.

बुरेट आणि १२६५

माझं एम.एस्सी. रसायनशास्त्रात झालं. टायट्रेशन करताना बुरेटचं वाचन घेतलं की पुढे अधिक-उणे ०.०५ मिली लिहायचं, हे हाताला इतकं सवयीचं होतं की विचारच करावा लागायचा नाही. त्रुटीची मर्यादा न लिहिता आकडा दिला तर जर्नल परत मिळायचं. मग मी प्राचीन इतिहासाकडे वळले. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी लिहिलं होतं: ‘इ.स. १२६५ मध्ये यादव राजा महादेव याने सोमेश्वराचा पराभव केला व शिलाहार सत्ता संपुष्टात आली.’

समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “हे १२६५ कुठून आणलंत?”

मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

“त्यांनी कुठून आणलं?”

मी गप्प. पुस्तकात १२६५ च्या आधी ‘सुमारे’ असा शब्द होता. तो मी उतरवून घेताना गाळला होता. वाक्य सुटसुटीत दिसावं म्हणून! सिनॉप्सिस दुरुस्तीसाठी परत आली, पुढची बैठक सहा महिन्यांनी होती. घरी आई म्हणाली, एका आकड्यासाठी सहा महिने? त्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. आज वाटत नाही. तो ‘सुमारे’ म्हणजे माझ्या बुरेटवरचं अधिक-उणेच होतं.

हे राजे कोण?

ज्यांना शिलाहार नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. शिलाहारांच्या तीन शाखा होत्या: उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर. आपण उत्तर कोकणचं बघतोय. साधारण इ.स. ८०० मध्ये पहिला कपर्दी राष्ट्रकूटांचा मांडलिक म्हणून इथे आला, आणि पुढची साडेचारशे वर्षं वीस-बावीस राजांनी राज्य केलं. ताम्रपटांत या प्रदेशाला ‘पुरी आदी १४०० गावांचं कोकण’ म्हटलेलं आहे. पुरी ही राजधानी नेमकी कुठली, यावर अजून वाद आहे. घारापुरी हे एक उत्तर. श्रीस्थानक म्हणजे ठाणे हे दुसरं मोठं केंद्र. आपण आज साष्टी म्हणतो ते नाव त्यांच्या लेखांतल्या ‘षट्षष्टी’वरून, म्हणजे ६६ गावांवरून आलंय. हे राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत, म्हणजे आपलं मूळ गाव तगर, आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं सांगत.

पैसा यायचा बंदरांतून. अरब प्रवासी मसूदी ९१६ च्या सुमारास चौलला आला होता, त्याने इथल्या झंझ राजाचं नाव नोंदवलंय. पहिल्या अनंतदेवाचा १०९४ चा खारेपाटणचा ताम्रपट तर खास वाचण्यासारखा आहे. त्यात दोन व्यापाऱ्यांच्या जहाजांना जकात माफ केली आहे आणि ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांची नावं आहेत. राजा कशावर जगतो ते त्याने कशाची माफी दिली त्यावरून कळतं. जकात माफ करणं हे मोठं बक्षीस असेल, तर जकात हे मोठं उत्पन्न होतं.

राज्य आधीही पडता पडता वाचलं होतं

‘ऱ्हास’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उतरता आलेख येतो. आधी वैभव, मग कमजोर वारस, मग शेवट. परीक्षेच्या उत्तराला हा साचा चालतो. पुराव्यात तो बसत नाही.

९७३ मध्ये शिलाहारांचे मालक, राष्ट्रकूट, संपले. चालुक्य तैलपाने त्यांना हटवलं. मालक बदलला की मांडलिक सहसा नव्या मालकाची बिरुदं गायला लागतो. पण शिलाहार अपराजिताचा ९९७ चा भिवंडीजवळच्या भादाणचा ताम्रपट बघा. चोवीस वर्षं उलटून गेली तरी त्यात राष्ट्रकूटांची आख्खी वंशावळ दिली आहे आणि ते राज्य आता आठवणीपुरतं उरलं याची हळहळ आहे. पराभूतांच्या बाजूने लिहिलेला मजकूर आपल्याकडे फार कमी मिळतो, म्हणून हा ताम्रपट मला फार मोलाचा वाटतो.

पुढे अनंतदेवाच्या वेळी भाऊबंदकी माजून देश उद्ध्वस्त झाला होता, हे त्याच्याच ताम्रपटात आहे. मग गोव्याच्या कदंबांनी उत्तर कोकण गिळलं, ते पहिल्या अपरादित्याने ११२७ पर्यंत परत मिळवलं. याच अपरादित्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर टीका लिहिली आणि आपला पंडित काश्मीरच्या विद्वत्सभेत पाठवला होता. म्हणजे नुकतंच हातचं गेलेलं राज्य परत घेणारा राजा धर्मशास्त्रही लिहीत होता. मग गुजरातच्या कुमारपाल चालुक्याशी युद्ध झालं आणि त्यात मल्लिकार्जुन राजा मारला गेला. त्यानंतरही राज्य उभंच राहिलं.

म्हणजे हे राज्य निदान चार वेळा मरणाच्या दारात जाऊन आलं. म्हणून प्रश्न ‘ऱ्हास का झाला’ असा नाही. चार वेळा सावरलेलं राज्य पाचव्या वेळी का सावरलं नाही, असा आहे. प्रश्न असा मांडला की पुरावा कुठे शोधायचा तेही बदलतं.

बिरुदं वाढतात तेव्हा

मल्लिकार्जुनाच्या युद्धाची एक गोष्ट जैन प्रबंधांत आहे. कुमारपालाच्या दरबारात एका भाटाने मल्लिकार्जुनाला ‘राजपितामह’, म्हणजे सगळ्या राजांचा आजोबा, म्हटलं आणि त्यावरून कुमारपाल चिडला. ही गोष्ट घडली तशीच लिहिली गेली असेल असं समजू नका. प्रबंध नंतरचे आहेत आणि जिंकणाऱ्याच्या बाजूचे आहेत. पण बिरुद हा गंभीर मामला होता एवढं त्यातून नक्की कळतं.

त्यानंतर आलेल्या दुसऱ्या अपरादित्याने ‘महाराजाधिराज’, ‘कोकणचक्रवर्ती’ अशी बिरुदं घेतली. वर कल्याणीचे चालुक्य खिळखिळे झाले होते, मान झुकवायला कुणी मालकच उरला नव्हता. सोमेश्वराच्या लेखांतही हीच सम्राटाची बिरुदं आहेत. आता गंमत बघा. सगळ्यात मोठी बिरुदं घराण्याच्या शेवटच्या शतकात दिसतात. बिरुदांवरून सत्तेचा आलेख काढला तर सोमेश्वर सगळ्यात बलाढ्य राजा ठरेल! बिरुद हे वरच्या मालकापासून किती सुटलोय याचं माप आहे, फौज किती आहे याचं नाही. आणि मालक नसणं म्हणजे पाठीशी कुणी नसणंही असतं.

चाणजेच्या लेखात सोमेश्वर काय करतोय? उरणमधल्या एका बागेच्या उत्पन्नातले १६२ पारुत्थ द्रम्म ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला लावून देतोय. ना युद्धाची चाहूल, ना घबराट. बाग, नाणी, देव. आपल्याला माहीत असलेलं या राजाचं हे शेवटचं काम.

बुडाला हे कोण सांगतं?

सोमेश्वराच्या काळात देवगिरीचे यादव जोरात होते. आधी कृष्ण यादवाने मल्ल नावाच्या सेनापतीला कोकणात पाठवलं. मल्लाने शिलाहार राजाला हरवल्याचा दावा आहे. पण रानवड आणि चाणजेचे लेख कृष्णाच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटचे आहेत, आणि त्यांत सोमेश्वर चक्रवर्ती म्हणूनच वावरतोय. म्हणजे मल्लाच्या ‘विजया’ने जमिनीवर फारसा फरक पडला नव्हता.

मग कृष्णाचा भाऊ महादेव गादीवर आला, साधारण १२६१ ला. तो हत्तींची फौज घेऊन कोकणात उतरला. सोमेश्वर जमिनीवर हरला, गलबतांवर चढला, महादेवाने समुद्रातही पाठलाग केला आणि सोमेश्वर बुडाला. हे सांगणारा माणूस तुम्हाला नावाने माहीत आहे: हेमाद्री, आपला हेमाडपंत. ‘चतुर्वर्गचिंतामणी’च्या व्रतखंडातल्या राजप्रशस्तीत तो लिहितो, त्याचा आशय असा की महादेवाच्या रागाच्या आगीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल बरा वाटला.

हेमाद्री त्याच काळातला आहे, ही त्याची जमेची बाजू. तो महादेवाचा मंत्री आहे, ही उधारीची. शिवाय तो व्रतांचा ग्रंथ लिहितोय, बखर नाही. प्रशस्ती हा राजाच्या कौतुकाचा भाग आहे. आणि मुख्य म्हणजे तो वर्ष देत नाही.

मग मल्लाचा दावा फुगवलेला आणि हेमाद्रीचा खरा, हे कशावरून? दोघंही एकाच दरबाराची माणसं. फरक नंतरच्या शांततेत आहे. मल्लाच्या ‘विजया’नंतर सोमेश्वर दानं देत राहिला. महादेवाच्या विजयानंतर सोमेश्वराचं नाव कुठेच येत नाही, आणि १२७२ च्या ठाण्याच्या ताम्रपटात अच्युत नायक हा यादवांचा अधिकारी कोकणात कारभार करताना दिसतो. दावा एका बाजूचा असला तरी त्याचा परिणाम दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्यात दिसतोय. रसायनशास्त्रात आपण हेच करतो: एकाच पद्धतीने दहा वेळा मोजण्यापेक्षा दोन वेगळ्या पद्धतींनी एकेकदा मोजलेलं अधिक भरवशाचं.

मला वाटतं, पाचव्या वेळी का सावरलं नाही याचं उत्तरही त्या अच्युत नायकात आहे. कुमारपालाच्या फौजेने राजा मारला, पण त्यानंतर दुसरा अपरादित्य ठाण्यात राज्य करू शकला. यादवांनी मात्र आपला माणूस बसवला आणि कारभार हातात घेतला. घाटावरच्या राज्याला बंदरं हवी होती, आणि बंदर लुटून मिळत नाही, तिथे बसून जकात घ्यावी लागते. हे माझं अनुमान आहे, आणि प्रबंधात ते ‘अनुमान’ म्हणूनच लिहिलंय.

वीरगळांचा मोह

बोरिवलीच्या एकसरला सहा वीरगळ आहेत, त्यांतल्या काहींवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. हीच ती लढाई! काही मोठ्या अभ्यासकांनी या दगडांचा संबंध सोमेश्वराशी जोडलेला आहे. पण काहींनी ते आधीच्या शतकांतले मानलेत, आणि दगडावर सोमेश्वराचं नाव वाचता आलेलं नाही. चित्र गोष्टीशी जुळतं म्हणून ते त्या गोष्टीचंच आहे असं होत नाही. कोकणात समुद्रावरची लढाई एकदाच झाली असेल का?

असाच धडा आकड्यांचाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या लेखातला शक सुरुवातीला ७८२ वाचला गेला होता, नंतर तो ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असं ठरलं. एका आकड्याने दोनशे वर्षं सरकली. अलिबागजवळच्या अक्षीचा लेख कुणी शके ९३४ वाचतं, कुणी ११३२. त्या एका वाचनावर ‘मराठीतला सर्वांत जुना शिलालेख’ हा मान अवलंबून आहे, आणि त्यातला केशीदेव पहिला की दुसरा हेही. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे आपण पाठ करतो. पण मिळवायचा आकडाच वादात असेल तर बेरीज बरोबर येऊन काय उपयोग?

मग बॅबिलोनची तारीख कशी कळते?

बॅबिलोनमध्येही जिंकणाऱ्याचीच बाजू मोठ्याने बोलते. १८७९ मध्ये सापडलेल्या सायरसच्या मातीच्या नळकांड्यावर लिहिलंय की मार्दुक देव नबोनिडसवर रुसला होता आणि त्यानेच सायरसला बोलावलं. ही त्यांची राजप्रशस्ती, हेमाद्रीच्याच जातकुळीची. नबोनिडस दहा वर्षं राजधानी सोडून अरबस्तानात तैमाला जाऊन राहिला होता, त्यामुळे त्याच्यावर टीका करणं सोपंही होतं. तेवढाच पुरावा असता तर तिथेही ‘सुमारे’ लिहावं लागलं असतं.

पण तिथे मातीच्या पाट्या हजारोंनी टिकल्या. सायरस कोणत्या महिन्यात, कितव्या दिवशी फौज आत आली, हे एका बखरीच्या पाटीवर आहे. त्यापेक्षाही मला आवडतात त्या व्यापारी पाट्या. कर्ज, घरविक्री, धान्य, आणि खाली तारीख: अमक्या राजाचं अमकं वर्ष. नबोनिडसच्या नावाची शेवटची पाटी आणि सायरसच्या नावाची पहिली पाटी यांच्यात काही दिवसांचंच अंतर आहे. एगिबी नावाचं व्यापारी घराणं आधीच्या राजांच्या काळातही सौदे करत होतं आणि नंतर पर्शियन राजांच्या काळातही. सावकाराला राजाशी देणंघेणं नव्हतं, तारीख मात्र बिनचूक हवी होती. आणि वर्षांचा सांधा जुळतो तो आकाशाच्या नोंदींवरून. नेबुखद्नेझरच्या ३७ व्या वर्षाची एक पाटी आहे, तिच्यावर चंद्र आणि ग्रह कुठे होते ते लिहिलंय. गणित केलं की ते वर्ष इ.स.पू. ५६८-५६७ निघतं.

आपल्याकडे सोमेश्वराचा शेवटचा लेख आणि अच्युत नायकाचा ताम्रपट यांच्यात बारा वर्षं आहेत. तिथे काही दिवस, इथे बारा वर्षं. आपल्या लोकांना तारखेची पर्वा नव्हती असा याचा अर्थ नाही. दानलेखांत तिथी, वार, पर्व सगळं असतं. पण दगड आणि तांबं फक्त दानाच्या वाट्याला आलं. रोजचा हिशेब ज्याच्यावर लिहिला जायचा ते आपल्या पावसात टिकलं नाही.

दुरुस्त वाक्य

दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये मी असं लिहिलं: ‘सोमेश्वराचा शेवटचा ज्ञात लेख १२६० चा आहे. हेमाद्रीच्या मते त्याचा पराभव महादेव यादवाने केला. म्हणजे तो सुमारे १२६१ ते १२७१ या काळात झाला असला पाहिजे. १२७२ मध्ये यादव अधिकारी ठाण्यात होता. प्रचलित १२६५ हे वर्ष या मर्यादेत बसते, परंतु ते अंदाजाचे आहे.’ एका वाक्याची पाच झाली. सर म्हणाले, आता वाद घालता येईल.

तुम्ही विषय मांडायला बसाल तेव्हा एक करा. तुमच्या आराखड्यातलं सगळ्यात खात्रीचं वाटणारं एक वर्ष निवडा. वहीत चार रकाने आखा: हे कोण सांगतं, घटनेनंतर किती वर्षांनी सांगतं, कुणाच्या बाजूने सांगतं, आणि याच्याशी संबंध नसलेला दुसरा पुरावा कोणता. चौथा रकाना कोरा राहिला तर वाक्यात ‘सुमारे’ घाला, आणि शब्दमर्यादा कितीही आड आली तरी तो काढू नका.

बारा वर्षांचं हे अंतर कमी होऊ शकतं. त्यासाठी एक तारीखवार दगड पुरेल, १२६३ चा किंवा १२६८ चा, कुणाच्याही नावाचा. पनवेल-उरण पट्ट्यात देवळाच्या मागे, तळ्याच्या काठावर, शेताच्या बांधावर वीरगळ आणि गधेगाळ अजून दिसतात. काहींवर शेंदराचे थर आहेत, काही पायरीला लागलेत. आणि याच पट्ट्यात सध्या रस्ते, गोदामं, प्लॉट यांसाठी रोज माती उकरली जातेय. आत्ता मी सुट्टीच्या दिवशी भावाची स्कूटर घेऊन एकेक गाव करते. दगड दिसला की आधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारते, मग मोजमाप, सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो, जागेची नोंद. शेंदूर खरवडत नाही, तो त्यांचा देव आहे. आजवर बावीस दगड झाले. अक्षरं तिघांवरच आहेत, आणि वर्ष एकावरही वाचता आलेलं नाही.

पुढच्या रविवारी जासईच्या बाजूला जाणार आहे.